पाटणचा मठ आणि चंद्रग्रहणाचे दान : शास्त्र व श्रद्धा यांच्या तडजोडीचा खानदेशातील एक पुरावा

१

धर्मश्रद्धा आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा विषय निघाला की आपल्या विद्यार्थ्यांस प्रथम आठवते ते गॅलिलिओचे नाव. १६३३ साली रोम येथे त्याच्यावर चाललेला खटला हा या विषयाचा आदर्श नमुनाच ठरून गेला आहे. आपल्याकडील इतिहासाला तोच साचा लावू लागले म्हणजे दोहोंपैकी एक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आपल्याकडे असा खटला झाला नाही, त्या अर्थी येथे शास्त्र व धर्म यांच्यात विरोधच नव्हता, असे एक पक्ष म्हणतो. विरोध उघड झाला नाही, त्या अर्थी विरोध करण्याजोगे शास्त्रच येथे नव्हते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. विरोध होता, तो जाणणारे लोक होते, आणि तो मिटविण्याची, किंवा निदान झाकण्याची, एक विशिष्ट रीत येथे रूढ झाली होती. त्या रीतीचा एक दगडावर कोरलेला पुरावा खानदेशातच उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : ही तडजोड कोणत्या स्वरूपाची होती, आणि तिच्यासाठी शास्त्राला काय मोजावे लागले?

२

जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि पुढे त्यांनाच जळगाव व धुळे ही नावे मिळाली. यांपैकी जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण हे स्थान आहे. आज ते पाटणादेवीच्या नावाने यात्रेकरूंस परिचित आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत मात्र ते देवगिरीच्या यादवांच्या निकुंभवंशीय मांडलिकांचे मुख्य ठाणे होते आणि सोळाशे गावांचा प्रदेश त्यांच्या अमलाखाली होता. येथील एका भग्न देवालयातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला व १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केला. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे पुनः संपादन केले.

लेखाचा आशय थोडक्यात असा. सुप्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. लेखात त्याने आपल्या कुळाची परंपरा कविचक्रवर्ती त्रिविक्रमापासून दिली आहे. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर. पुत्र लक्ष्मीधर, ज्याला यादवराजा जैत्रपालाने विद्वानांचा अग्रणी म्हणून आपल्याकडे नेले. आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव. या चांगदेवाने पाटण येथे एक मठ स्थापिला. त्याचा हेतू लेखात स्पष्ट शब्दांत नमूद आहे : भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणिप्रभृती ग्रंथांचे, तसेच त्यांच्या वंशातील इतरांनी रचिलेल्या ग्रंथांचे, त्या मठात नियमाने व्याख्यान व्हावे. निकुंभ राजा सोइदेव याने या मठाला अग्रदान दिले आणि त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली.

भास्कराचार्यांचे मूळ गाव विज्जडविड नेमके कोठे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनाला त्या वादाचा निर्णय आवश्यक नाही. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन राजाश्रयाने पाटण येथे होत होते, एवढे या लेखावरून निर्विवाद ठरते.

आता या लेखातील ज्या एका तपशिलाकडे इतिहासकारांनी बहुधा केवळ कालनिर्णयाचे साधन म्हणून पाहिले आहे, त्याकडे वळू. सोइदेवाने हे दान केव्हा दिले? लेख सांगतो : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या समयी, सर्व जनांच्या समक्ष, हातावर उदक सोडून. प्रभव संवत्सराशी मेळ घालून पाहता ही तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी येते. ग्रहण म्हणजे पृथ्वीच्या छायेत चंद्राचा प्रवेश, असे ज्या ग्रंथाने सिद्ध केले, त्या ग्रंथाच्या अध्यापनासाठीचे दान ग्रहणकाळाच्या पुण्यप्रदतेवर श्रद्धा ठेवून दिले गेले. या प्रसंगाला विसंगती म्हणून हसणे सोपे आहे. पण दान देणारा राजा, ते घेणारा ज्योतिषी आणि तो प्रसंग दगडावर कोरविणारे लोक यांपैकी कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. ती का वाटली नाही, हाच खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

३

प्रथम त्या मठात काय शिकविले जात असावे ते पाहिले पाहिजे. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. यांपैकी गोलाध्यायात विश्वाच्या रचनेचा विचार आहे, आणि तेथे पौराणिक, बौद्ध व जैन या तिन्ही परंपरांच्या विश्वकल्पनांचे खंडन केलेले आढळते.

पृथ्वी कोणत्या तरी मूर्त आधारावर उभी आहे असे मानल्यास त्या आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असा आधार मानावा लागतो आणि अनवस्थाप्रसंग ओढवतो. शेवटचा आधार स्वशक्तीने राहतो असे म्हणावयाचे, तर पृथ्वीच स्वशक्तीने राहते असे का म्हणू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असती, तर दूरवर उंच फिरणारा सूर्य देवांप्रमाणे माणसांनाही सदैव का दिसू नये? मेरुपर्वताच्या आड गेल्याने रात्र होत असेल, तर तो मधला मेरू दिसत का नाही? परिघाचा अल्प अंश सपाटच भासतो आणि पृथ्वी अतिविशाल व मनुष्य अतिक्षुद्र असल्यामुळे ती त्याला सपाट वाटते, हा त्यांचा खुलासा आजही कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालता येण्याजोगा आहे. त्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने दिला आहे आणि एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन स्थळांच्या अक्षांशांतील अंतरावरून तो कसा काढावा, याची रीतही सांगितली आहे. पुराणांतील कोट्यवधी योजनांच्या भूविस्ताराला या रीतीत जागा उरत नाही.

पृथ्वी सतत खाली पडत आहे, या बौद्धांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मताला त्यांचे उत्तर असे, की वर फेकलेली जड वस्तू पृथ्वीवर परत येताना डोळ्यांनी दिसत असता हे म्हणणे टिकत नाही. दोन सूर्य व दोन चंद्र आळीपाळीने उगवतात, या जैनमताला त्यांनी ध्रुवाभोवतालच्या तारकांच्या दैनंदिन भ्रमणाचा दाखला देऊन उत्तर दिले आहे.

पाटणच्या परिसरात फिरणाऱ्या अभ्यासकाला हे खंडन केवळ ग्रंथगत वाटत नाही. त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पाटणजवळच ‘नागार्जुनाची कोठी’ म्हणून ओळखले जाणारे जैन लेणे आहे. आणि देवीचे व महादेवाचे स्थान तर जागेवरच आहे. ज्या तीन परंपरांच्या विश्वकल्पना या मठात तर्काच्या कसोटीवर नाकारल्या जात, त्या तिन्हींची पूजास्थाने मठापासून फार दूर नव्हती. तरीही या खंडनाबद्दल कोणाला शासन झाल्याची नोंद नाही. उलट राजाने मठाला उत्पन्न तोडून दिले.

४

तथापि याच गोलाध्यायात एक स्थळ असे आहे, की जेथे आचार्यांची लेखणी थबकते. ते स्थळ राहूचे.

ग्रहणाच्या उपपत्तीचे विवेचन करताना भास्कराचार्य दाखवून देतात, की चंद्रग्रहणाचा आरंभ चंद्राच्या पूर्व कडेपासून होतो, तर सूर्यग्रहणाचा पश्चिम कडेपासून. चंद्रग्रहणात ग्रस्त बिंबाची शृंगे बोथट दिसतात व ग्रहण दीर्घकाळ टिकते, म्हणून तेथील छादक मोठा असला पाहिजे. सूर्यग्रहणात शृंगे तीक्ष्ण असतात व काळ अल्प असतो, म्हणून तेथील छादक लहान असला पाहिजे. एकाच राहूने दोन्ही ग्रहणे घडविली असती तर हा भेद पडला नसता. चंद्राला झाकते ती पृथ्वीची छाया आणि सूर्याला झाकतो तो चंद्र, ही गोष्ट इतक्या नेटकेपणाने सिद्ध झाल्यावर राहूचे प्रकरण तेथेच संपावयास हवे होते.

ते संपत नाही. दिशा, देश, काळ आणि आवरण यांतील भेदांवरून राहू हा छादक नव्हे असे जे म्हणतात, ते केवळ गोलविद्येचा अभिमान बाळगणारे होत आणि त्यांचे म्हणणे संहिता, वेद व पुराणे यांच्या बाहेरचे आहे, असे ते लगेच पुढे लिहितात. ही प्रमाणे आचार्यांनी स्वतःच नुकतीच दिलेली आहेत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मग ते समन्वय सुचवितात : ब्रह्मदेवाच्या वराने तमोमय राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला आणि चंद्रबिंबात शिरून सूर्याला झाकतो, असे मानले म्हणजे कोणत्याही आगमाशी विरोध उरत नाही.

हा मार्ग त्यांनी नव्याने काढलेला नव्हता. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये छायेची उपपत्ती निःसंदिग्ध शब्दांत दिली होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत तीच स्वीकारली, पण लोकरूढीतील राहूसाठी ब्रह्मदेवाच्या वराची जागा राखून ठेवली. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये याहून पुढे जाऊन राहू नाकारणाऱ्यांनाच श्रुतिस्मृतीच्या आधारे दोष दिला, जरी त्याचे स्वतःचे ग्रहणगणित छायेवरच उभे होते. हे वाचून अल्बेरुणी चकित झाला. सुमारे १०३० साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने असा तर्क केला आहे, की सॉक्रेटिसावर जो प्रसंग ओढवला तसा आपल्यावर ओढवू नये, या भीतीने ब्रह्मगुप्ताने हे लिहिले असावे.

अल्बेरुणीचा तर्क आकर्षक आहे. पण पाटणचा पुरावा पाहता भीती हे कारण पुरेसे वाटत नाही. पुराणांतील सपाट पृथ्वी, आधारभूत शेष आणि रात्र करणारा मेरू यांचे खंडन करताना जो ग्रंथकार कचरत नाही, तो राहूपाशीच का कचरतो? माझ्या मते याचे उत्तर असे, की मेरूच्या उंचीवर कोणाचे नित्याचे आचरण अवलंबून नव्हते. राहूवर मात्र स्नान, दान, जप व श्राद्ध यांचा संपूर्ण आचार उभा होता. भास्कराचार्यांनी जेथे श्रद्धा केवळ कथेत होती तेथे ती नाकारली. जेथे ती आचारात उतरली होती तेथे तिला पृथ्वीच्या छायेत जागा करून दिली. त्या जागेचा गणितावर काडीमात्र परिणाम होत नाही. ग्रहण काढताना पात, शर आणि छायेचे मान एवढेच घ्यावे लागते. ब्रह्मदेवाच्या वराला समीकरणात स्थान नाही.

गणितस्कंधात उपपत्तीने युक्त असाच आगम प्रमाण मानावा, असे त्यांनी आपल्या वासनाभाष्यात म्हटले आहे. या वाक्यातील ‘गणितस्कंधात’ हे पद महत्त्वाचे होय. ते एक सीमारेषा आखते. रेषेच्या आत उपपत्तीवाचून काहीही चालावयाचे नाही. रेषेच्या बाहेर वाद घालावयाचा नाही. ब्रह्मांडाच्या मापाविषयीही त्यांची भूमिका अशीच आहे : ते तेवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात किती अंतर चालतो एवढ्याशीच आपला संबंध.

५

ही सीमारेषा टिकून राहिली यामागे एक व्यावहारिक कारणही होते. त्या काळी गणिताचा मुख्य ग्राहक श्रद्धा हाच होता. ज्योतिष हे वेदाचे नेत्र होय, कारण वेद यज्ञासाठी व यज्ञ काळावर अवलंबून, अशी शास्त्राच्या प्रयोजनाची मांडणी भास्कराचार्य ग्रंथारंभीच करतात. ग्रहणात दान द्यावयाचे तर स्पर्श केव्हा, मध्य केव्हा आणि मोक्ष केव्हा हे आधी ठाऊक असले पाहिजे. ९ ऑगस्ट १२०७ च्या त्या दानासाठी जमलेला समुदाय एखाद्या ज्योतिषाच्या गणितावर विसंबूनच जमला असला पाहिजे. ग्रहण ही अशी घटना आहे, की तिचे भाकीत चुकले तर ते गवळ्यापासून राजापर्यंत सर्वांना उघड दिसते. म्हणून श्रद्धा ही गणिताची ग्राहक होती तशी परीक्षकही होती. या परीक्षेने शास्त्राला काटेकोर ठेवले, हे मान्य केलेच पाहिजे.

उपजीविकेचा भागही शिलालेखात आहे, आणि तो मराठी भाषेत आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा विशिष्ट हिस्सा मठाला दिला होता. तेलाचे जेवढे घाणे चालत, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाकडे जावयाचे होते. माप करावयाचे ते मठाच्या मापाने, आणि मापाच्या आकाराचा अर्धा भाग मठाचा, असेही ठरविले होते. खगोलशास्त्राच्या अध्यापनाची ही वित्तव्यवस्था मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एकात जपली गेली आहे, हे खानदेशाला भूषणावह आहे.

६

परंतु येथेच तडजोडीची किंमतही दिसते. मठात काय शिकवावे हे शिलालेखाने संस्कृत श्लोकांत सांगितले. मठाला कोणी काय द्यावे हे मात्र मराठीत सांगितले. तेल्याला त्याचे देणे त्याच्या भाषेत समजले. त्याच्या तेलावर चाललेल्या मठात ग्रहणाची जी उपपत्ती शिकविली जात होती, ती त्याला त्याच्या भाषेत सांगण्याची तरतूद या लेखात नाही. आखलेली सीमारेषा हळूहळू माणसांमधील रेषा झाली. अलीकडे छाया जाणणारे मोजके लोक आणि पलीकडे राहू जाणणारे बाकी सर्व, अशी ती विभागणी होती. दोघेही एकाच नदीत एकाच क्षणी स्नान करीत; पण दुसऱ्याला पहिल्याचे ज्ञान कधी पोचत नसे, आणि पोचविले नाही म्हणून पहिल्याला दोष लागत नसे.

दुसरी किंमत शास्त्राच्या दिशेची. पाटणपासून जवळच, गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे शके ११४४ (इ. स. १२२२) चा आणखी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव याने तेथे भवानीचे मंदिर बांधल्याचे तो सांगतो. हा अनंतदेवही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. ब्रह्मगुप्ताच्या सिद्धान्ताच्या एका अध्यायावर त्याने टीका लिहिली, तशीच वराहमिहिराच्या बृहज्जातकावरही. एकाच विद्वानाच्या हातून सिद्धान्त, फलज्योतिष आणि देवालय या तिन्हींची सेवा घडावी, हे त्या काळाला साजेसेच होते. मात्र आश्रयदात्याला यांपैकी कशाची गरज अधिक वाटे, हे सांगणे कठीण नाही.

तिसरी गोष्ट अशी, की सीमारेषा स्थिर राहत नाही. सुमारे तीन शतकांनंतर, १५०३ च्या सुमारास, गोदावरीकाठच्या पार्थपुरी राहणाऱ्या ज्ञानराजाने ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. पुराणे व सिद्धान्त यांतील विरोध परिहारण्याचा त्यात जाणीवपूर्वक प्रयत्न आहे. भास्कराचार्यांनी राहूपुरती दिलेली सवलत आता विश्वरचनेच्या इतर भागांपर्यंत पसरू लागली होती.

आणि जेव्हा ही रेषा पुसण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याला चालना बाहेरून मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात माळव्यातील सिहोर येथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन याने पौराणिक भूगोलाच्या विरुद्ध भास्कराचार्यांचीच साक्ष काढण्याचा उपक्रम आरंभिला. त्याचे सहकारी पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. पाटणच्या दानापासून हे ६२९ वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, ज्यांच्या अध्यापकीय आयुष्याचा काही काळ धुळ्यास गेला, १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध करून या साऱ्या परंपरेचा इतिहास मराठी वाचकाच्या हाती दिला. दीक्षितांनी परंपरेचा अवमान केला नाही आणि तिची भलावणही केली नाही. प्रत्येक मान, प्रत्येक अब्दभेद पडताळून पाहिला. उपपत्तीचा भास्करप्रणीत दंडक प्रथमच परंपरेच्या इतिहासालाही लागू झाला.

७

सारांश, पाटणचा शिलालेख ‘येथे संघर्ष नव्हता’ असे सांगत नाही आणि ‘येथे शास्त्र नव्हते’ असेही सांगत नाही. सिद्धान्ताच्या प्रांतात पूर्ण तर्कस्वातंत्र्य आणि आचाराच्या प्रांतात पूर्ण मौन, असा करार येथे झाला होता. त्या कराराने शास्त्रज्ञाला अन्न, प्रतिष्ठा व अभय दिले. गॅलिलिओला यांपैकी बरेच काही गमवावे लागले, म्हणून या लाभाला कमी लेखता कामा नये. पण गॅलिलिओवरील खटल्याने त्याच्या प्रश्नाला सार्वजनिक केले. पाटणच्या दानाने भास्कराचार्यांच्या उत्तराला सन्मानपूर्वक मठात ठेवले. दडपलेल्या मताला वारस मिळतात. गौरविलेल्या पण न सांगितलेल्या मताला पाठांतर करणारे मिळतात. हा भेद आपल्या इतिहासलेखनात पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही.

हा प्रश्न केवळ तेराव्या शतकाचा आहे असेही मानू नये. आजही ग्रहणाचा स्पर्शकाल सेकंदापर्यंत छापणारे पंचांग त्याच पानावर वेधाचे नियम छापते, आणि विज्ञानाचा पदवीधर ते पान विनातक्रार वाचतो. त्याच्याही मनात तीच जुनी सीमारेषा आहे. तिच्याकडे दांभिकता म्हणून पाहण्यापेक्षा इतिहासाचा अवशेष म्हणून पाहणे अधिक फलदायी होईल. जळगाव येथे १९९० साली विद्यापीठ स्थापन झाले आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह जतन केला आहे. पाटणच्या परिसरातील अध्यापनाचे पुढे काय झाले, ज्योतिषी घराण्यांच्या वृत्ती कोणत्या अटींवर चालल्या आणि त्या अटींत गणिताला किती व फलिताला किती स्थान होते, याचा शोध येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घ्यावा असा आहे. चांगदेवाने मठ स्थापिला तो व्याख्यानासाठी; आणि व्याख्यानाचा अर्थ केवळ पाठ म्हणणे असा नव्हे.